एन्व्हलप फॉलोअर : गिटारचा पहिला घरगुती इफेक्ट बांधणाऱ्यांसाठी

गिटारची तार छेडली की आवाज एका झटक्यात वर जातो आणि मग सावकाश विरत जातो. ऑसिलोस्कोपवर पाहिले तर त्या काळात तारेचा सिग्नल सेकंदाला शेकडो वेळा खालीवर होत असतो. मात्र या दाट लाटांच्या शिखरांवरून एक रेष काढली तर ती रेष फक्त आवाजाचे चढणे आणि उतरणे दाखवते. या बाह्यरेषेला एन्व्हलप म्हणतात आणि तिच्यामागोमाग चालणारे, हळू बदलणारे व्होल्टेज निर्माण करणाऱ्या सर्किटला एन्व्हलप फॉलोअर म्हणतात. हे व्होल्टेज स्वतः ऐकू येत नाही. ते दुसऱ्या कशाला तरी चालवते. ऑटो-वाहमध्ये, म्हणजे फटक्याच्या जोरानुसार आपोआप ‘वाह’ असा आवाज काढणाऱ्या इफेक्टमध्ये, ते फिल्टर सरकवते, कॉम्प्रेसरमध्ये आवाजाची पातळी आवरते, तर नॉइज गेटमध्ये वादन थांबताच सिग्नलची वाट बंद करते.

गिटारवादकांमध्ये या कल्पनेला खरी ओळख मिळाली ती १९७२ साली आलेल्या म्यू-ट्रॉन ३ या पेडलमुळे. म्युझिट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीसाठी माइक बायगेल यांनी ते रचले होते आणि स्टीव्ही वंडर यांनी ते क्लॅव्हिनेट या वाद्याला जोडून वापरल्याने त्याचा आवाज सर्वदूर पोहोचला. त्या पेडलमध्ये फॉलोअरचे व्होल्टेज फिल्टरपर्यंत प्रकाशाच्या मार्गाने जात असे : आवाज वाढला की आतला दिवा उजळे आणि समोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध घटून फिल्टर वर सरके. या लेखात त्याच कुळातले, पण बरेच साधे, दोन आय.सी.चे ऑटो-वाह टप्प्याटप्प्याने बांधायचे आहे. रोधकांचे रंग वाचणे, ब्रेडबोर्डवर जोडणी करणे आणि मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजणे एवढे येत असले तर ते पुरेसे आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. फॉलोअर आधी पूर्ण बांधावा, तो डोळ्यांनी आणि मीटरने तपासावा आणि मगच फिल्टरला हात लावावा. नवखे बहुधा सगळे सर्किट एकदम जोडून गिटार लावतात आणि आवाज बिघडलेला आला की दोष फिल्टरमध्ये शोधत बसतात. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा फॉलोअरच्या चढण्या-उतरण्याच्या वेळांमध्ये असतो.

साहित्य

टीएल०७२ आणि एलएम३५८ हे दोन ऑप-अँप आय.सी. आणि त्यांचे आठ पिनांचे सॉकेट, १एन४१४८ जातीचे दोन डायोड, जीएल५५२८ हा एलडीआर (प्रकाशसंवेदी रोधक), एक साधा लाल एलईडी; पॉट ४७० किलोओमचे दोन, १० किलोओमचा एक आणि १०० किलोओमचा लॉग प्रकारचा एक; रोधक १०० ओम, १ किलोओम (दोन), १० किलोओम (तीन), ४७ किलोओम (दोन), १०० किलोओम आणि १ मेगओम; कपॅसिटर १० नॅनोफॅरडचे दोन, १०० नॅनोफॅरडचे तीन, १ मायक्रोफॅरडचे तीन, ४.७ मायक्रोफॅरडचा एक, ४७ मायक्रोफॅरडचा एक आणि १०० मायक्रोफॅरडचे दोन. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात यातले सर्व काही मिळते. १० नॅनोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर पॉलिएस्टरचे घ्यावेत, कारण फिल्टरची वारंवारता त्यांच्यावर ठरते आणि स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य छापील आकड्यापासून बरेच दूर असू शकते.

वीज फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीची वापरावी. घरच्या विजेवर चालणारा स्वतः बनवलेला पुरवठा पहिल्या प्रयोगासाठी मुळीच वापरू नये.

सिग्नलचे दोन रस्ते

या सर्किटमध्ये गिटारचा सिग्नल बफरनंतर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल आहे तसा पुढे देणाऱ्या टप्प्यानंतर, दुभंगतो. एक रस्ता फिल्टरमधून थेट अँप्लिफायरकडे जातो. त्यावरून जे जाते ते श्रोत्याला ऐकू येते, म्हणून तो स्वच्छ असावा लागतो. दुसरा, बाजूचा रस्ता फॉलोअरकडे जातो आणि तेथे सिग्नलचे रूप कितीही बिघडले तरी चालते, कारण तेथून पुढे जायची असते ती फक्त पातळीची बातमी. दोन वेगळ्या जातींचे आय.सी. घेण्याचे कारण हेच आहे. टीएल०७२ कमी गोंगाटाचा आणि वेगवान असल्याने ऐकू येणाऱ्या रस्त्यासाठी उत्तम आहे. पण त्याच्या इनपुटचे व्होल्टेज जमिनीच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, फार जवळ गेले तर त्याचे आउटपुट उलट दिशेला उडी मारू शकते. फॉलोअरचे व्होल्टेज शांततेत शून्यावरच येऊन थांबते, म्हणून तेथे टीएल०७२ चालत नाही. एलएम३५८ चे इनपुट शून्य व्होल्टपर्यंत बिनधोक काम करते आणि त्याचे आउटपुटही जवळजवळ तिथपर्यंत उतरते. आवाजाच्या रस्त्यावर त्याची किंचित खरखर जाणवते, पण बाजूच्या रस्त्यावर ती कोणालाच ऐकू जाणार नसते.

दोन्ही आय.सी.च्या पिनांची मांडणी एकसारखी आहे, हे सोयीचे आहे. पिन ८ ला ९ व्होल्ट आणि पिन ४ ला जमीन. पहिल्या अर्ध्या भागाचे आउटपुट पिन १, उलट इनपुट पिन २, सुलट इनपुट पिन ३. दुसऱ्या भागाचे सुलट इनपुट पिन ५, उलट इनपुट पिन ६ आणि आउटपुट पिन ७.

पहिली पायरी : वीज आणि मधला आधार

गिटारचा सिग्नल शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे झुलतो, पण बॅटरी एकच असल्याने शून्याखालचे व्होल्टेज आपल्याजवळ नाही. म्हणून १० किलोओमचे दोन रोधक ९ व्होल्ट आणि जमीन यांच्यामध्ये एकापुढे एक जोडून त्यांच्या मध्यबिंदूवर ४.५ व्होल्ट मिळवायचे आणि सिग्नल त्याभोवती झुलू द्यायचा. या मध्यबिंदूपासून जमिनीकडे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा एक आणि दोन्ही आय.सी.च्या पिन ८ आणि ४ यांच्यामध्ये, पायांना अगदी खेटून, १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर जोडावा. आय.सी. बसवण्यापूर्वी मीटर लावून मध्यबिंदूवर बॅटरीच्या निम्मे व्होल्टेज आहे ना, ते पाहावे.

दुसरी पायरी : बफर

गिटारच्या जॅकपासून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टीएल०७२ च्या पिन ३ पर्यंत आणि पिन ३ पासून १ मेगओमचा रोधक ४.५ व्होल्टकडे न्यावा. पिन २ आणि पिन १ तारेने जोडून टाकाव्यात. सिग्नल येथे वाढत नाही. पण पिकअपला समोर १ मेगओमचा हलका भार दिसतो आणि त्यामुळे आवाजातली धार टिकून राहते. पिन १ वर शांततेत ४.५ व्होल्टच्या आसपास दिसले की ही पायरी झाली.

तिसरी पायरी : बाजूच्या रस्त्यावरचा अँप्लिफायर

सिंगल-कॉइल पिकअप हलक्या हाताने वाजवले तर काही दहा मिलिव्होल्ट देते, जोरदार फटक्याला काहीशे. हंबकर पिकअपची शिखरे १ व्होल्टच्या घरातही जाऊ शकतात. सिलिकॉन डायोड मात्र सुमारे ०.६ व्होल्टखाली उघडतच नाही. सिग्नल थेट डायोडला दिला तर हलके वादन त्याच्या उंबरठ्यावरूनच परत फिरेल. म्हणून आधी तो वाढवावा लागतो.

टीएल०७२ च्या पिन १ पासून एक तार एलएम३५८ च्या पिन ३ ला द्यावी. मध्ये कपॅसिटर नको, कारण दोन्हीकडे आधीच ४.५ व्होल्ट आहेत. एलएम३५८ च्या पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये ४७० किलोओमचा पॉट जोडावा. त्याचा मधला पाय आणि रिकामा राहणारा कडेचा पाय एकमेकांना जोडून ठेवावेत, म्हणजे पॉट जुना होऊन आतला स्पर्श क्षणभर सुटला तरी सर्किट उघडे पडत नाही. पिन २ पासून १० किलोओमचा रोधक आणि त्याच्यापुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडे न्यावा. कपॅसिटरची धन बाजू रोधकाकडे असावी. या कपॅसिटरमुळे स्थिर व्होल्टेज वाढत नाही, फक्त सिग्नल वाढतो, आणि तो सुमारे १६ हर्ट्झच्या वर पूर्ण ताकदीने वाढतो. पॉट शून्यावर असताना वाढ १ पट आणि पूर्ण फिरवल्यावर ४८ पट होते. हाच पेडलचा संवेदनशीलतेचा पॉट, आणि प्रत्यक्ष वादनात सर्वांत जास्त हाताळला जातो तोही हाच, कारण प्रत्येक गिटार आणि प्रत्येक हात वेगळा असतो.

चौथी पायरी : डायोड, साठवण आणि वेळा

आता फॉलोअरचा गाभा. एलएम३५८ च्या पिन १ पासून ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निघतो. त्याची धन बाजू पिन १ कडे असावी. त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन डायोड येतात. पहिल्या डायोडची पट्ट्याची बाजू या टोकाला आणि दुसरी बाजू जमिनीला जोडावी. दुसरा डायोड या टोकापासून पुढे जातो आणि त्याची पट्ट्याची बाजू पुढच्या दिशेला असते.

सिग्नल खालच्या दिशेने झुलतो तेव्हा पहिला डायोड उघडतो आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडून भरून घेतो. सिग्नल वर गेला की हा साठा आणि वरची झेप मिळून दुसऱ्या डायोडमधून पुढे जातात. परिणामी पुढे मिळणारे व्होल्टेज हे सिग्नलच्या तळापासून शिखरापर्यंतच्या पूर्ण उंचीएवढे असते, फक्त दोन डायोडांचे मिळून सुमारे १.२ व्होल्ट त्यातून वजा होतात. उदाहरणार्थ, ५० मिलिव्होल्टचे शिखर असलेल्या सिग्नलची पूर्ण उंची १०० मिलिव्होल्ट. ४८ पट वाढून ती ४.८ व्होल्ट होते आणि डायोडांची वजावट जाऊन ३.६ व्होल्ट हाती लागतात. वजावटीचा एक फायदाही आहे. १.२ व्होल्टला ४८ ने भागले तर २५ मिलिव्होल्ट येतात. पॉट पूर्ण उघडा असतानाही यापेक्षा लहान उंचीचा सिग्नल फॉलोअरला हलवू शकत नाही. पिकअपमध्ये शिरणारी विजेची गुणगुण बहुतेक वेळा याच मर्यादेत राहते आणि फिल्टर उगाच थरथरत नाही. काही जण येथे जर्मेनियम किंवा शॉटकी डायोड लावून वजावट कमी करतात. मला नवख्यांसाठी तो बदल अनावश्यक वाटतो.

दुसऱ्या डायोडच्या पुढे १ किलोओमचा रोधक आणि त्याच्यापुढे १० किलोओमचा पॉट जोडून तेथून १ मायक्रोफॅरडच्या साठवण-कपॅसिटरच्या धन बाजूला जावे; त्याची ऋण बाजू जमिनीला. या साठवण-कपॅसिटरला समांतर ४७ किलोओमचा रोधक आणि ४७० किलोओमचा पॉट एकापुढे एक जोडावेत. हे दोन्ही पॉटही आधीच्यासारखेच, मधला पाय कडेच्या पायाशी जोडून, फक्त बदलता रोधक म्हणून वापरायचे आहेत. हा साठवण-कपॅसिटर म्हणजे तळाला भोक असलेली बादली : वरून पाणी जोरात येते तेव्हा ती पटकन भरते, वरचे पाणी थांबले की भोकातून हळूहळू रिकामी होते. भरण्याच्या वाटेवरचा पॉट अटॅक, म्हणजे चढण्याची वेळ, ठरवतो; गळतीच्या वाटेवरचा पॉट रिलीज, म्हणजे उतरण्याची वेळ, ठरवतो.

रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की वेळ मिळते. अटॅकच्या बाजूला १ ते ११ किलोओम आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे १ ते ११ मिलिसेकंद. डायोड प्रत्येक लाटेचा थोडाच भाग उघडा असतो, म्हणून प्रत्यक्षात भरायला याहून जास्त वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे. रिलीजच्या बाजूला ४७ ते ५१७ किलोओम, म्हणजे ४७ ते ५१७ मिलिसेकंद.

हे आकडे मनाला येतील तसे निवडता येत नाहीत, कारण फॉलोअरला आवाजाचा चढउतार आणि तारेचे कंपन यांत फरक करावा लागतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ८२.४ हर्ट्झचा सूर देते. म्हणजे तिची एक लाट सुमारे १२.१ मिलिसेकंदांची असते आणि साठवण-कपॅसिटर दर १२.१ मिलिसेकंदांनी एकदाच भरला जातो. दोन भरण्यांमधल्या काळात तो गळत राहतो. रिलीज ५१७ मिलिसेकंदांवर असेल तर या काळात व्होल्टेज २ टक्क्यांच्या थोडेसे वर उतरते, ते कानाला जाणवत नाही. रिलीज ४७ मिलिसेकंदांवर आणले तर तेच उतरणे सुमारे २३ टक्के होते आणि फिल्टर सेकंदाला ८२ वेळा हिंदकळू लागतो. आवाजात मग एक घोगरी, फाटकी कंपने मिसळतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की ऑप-अँप खराब आहे. या उरलेल्या लाटेला रिपल म्हणतात. त्याच ४७ मिलिसेकंदांच्या रिलीजवर सर्वांत बारीक तारेच्या ३२९.६ हर्ट्झच्या सुराला उतार ६ टक्क्यांच्या आसपासच पडतो. म्हणून दोष फक्त जाड तारांवर ऐकू आला तर कारण रिपल हेच आहे असे समजावे. बास गिटारच्या ४१.२ हर्ट्झच्या तारेला तर उतार ४० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तेथे रिलीजची किमान मर्यादा वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणजे चपळ फॉलोअर थरथरतो आणि स्थिर फॉलोअर मागे पडतो. लाटेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारा फुल-वेव्ह रेक्टिफायर वापरला तर भरणे दर ६ मिलिसेकंदांनी होते आणि तोच उतार २३ वरून १२ टक्क्यांवर येतो. पण त्यासाठी आणखी ऑप-अँप आणि जुळणारे रोधक लागतात. आपल्या सर्किटमध्ये तो भार पुढचा एलडीआर उचलणार आहे.

आणखी एक सावधगिरी. अटॅक आणि रिलीज हे पॉट एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. अटॅक ११ किलोओमवर आणि रिलीज ४७ किलोओमवर ठेवले तर भरणे आणि गळणे यांची ओढाताण होऊन व्होल्टेज शिखरापर्यंत पोहोचतच नाही. अटॅकचा रोध रिलीजच्या रोधाच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा होऊ न देणे, हा चांगला दंडक आहे.

पाचवी पायरी : एलईडी आणि पहिली तपासणी

साठवण-कपॅसिटरची धन बाजू एलएम३५८ च्या पिन ५ ला जोडावी. पिन ७ ला एलईडीचा लांब पाय, पिन ६ ला आखूड पाय, आणि पिन ६ पासून १ किलोओमचा रोधक जमिनीकडे. एलईडी येथे ऑप-अँपच्या फीडबॅकच्या वाटेत बसवला आहे, त्यामागे हेतू आहे. तो नुसता आउटपुटवर जोडला असता तर स्वतःचे १.८ व्होल्ट मिळाल्याशिवाय पेटला नसता आणि विरत जाणाऱ्या सुराचे शेपूट मध्येच तुटले असते. फीडबॅकमध्ये असल्याने पिन ६ चे व्होल्टेज पिन ५ एवढे राखण्यासाठी लागेल तेवढे जास्तीचे व्होल्टेज ऑप-अँप स्वतःच देतो. त्यामुळे एलईडीतला प्रवाह थेट साठवण-व्होल्टेजच्या प्रमाणात राहतो : १ व्होल्टला १ मिलिअँपिअर, ३ व्होल्टला ३ मिलिअँपिअर.

आता गिटार जोडून फक्त एलईडीकडे पाहावे. संवेदनशीलतेचा पॉट मध्यावर, अटॅक किमान आणि रिलीज कमाल ठेवून एक तार छेडावी. एलईडी झटकन उजळला आणि सुमारे अर्ध्या सेकंदात मावळत गेला तर फॉलोअर जिवंत आहे. मीटर पिन ६ आणि जमीन यांच्यावर लावावा. साठवण-कपॅसिटरवर थेट लावू नये, कारण स्वस्त मीटरचा भार गळतीत भर घालून रिलीजची वेळ बदलतो. शांततेत येथे शून्याच्या अगदी जवळचे व्होल्टेज दिसावे, जोरात छेडल्यावर ३ ते ५ व्होल्ट.

एलईडी सतत पेटलेला राहिला तर साठवण-कपॅसिटरला समांतर असलेले रोधक खरोखर जोडले गेले आहेत का, ते पाहावे. तो कधीच पेटला नाही तर डायोडांच्या पट्ट्या तपासाव्यात आणि एलएम३५८ च्या पिन १ वर ४.५ व्होल्ट आहेत ना, हे मोजावे. तेथे ७ व्होल्टच्या वर किंवा शून्याजवळ आकडा दिसला तर फीडबॅकचा पॉट सुटलेला आहे. हलक्या आणि जोरदार फटक्यांना एलईडी सारखाच उजळत असेल तर दोष काही नाही. संवेदनशीलता गरजेपेक्षा जास्त आहे आणि अँप्लिफायर प्रत्येक सुरावर कमाल मर्यादेला टेकतो आहे. हा भाग मनासारखा होईपर्यंत पुढे जाऊ नये.

सहावी पायरी : प्रकाशाची जोडी आणि फिल्टर

एलडीआर आणि एलईडी समोरासमोर, दोनतीन मिलिमीटर अंतरावर ठेवून त्यांच्यावर काळी हीट-श्रिंक नळी चढवावी आणि दोन्ही टोके काळ्या टेपने बंद करावीत. बाहेरचा थोडाही प्रकाश आत गेला तर फिल्टर अर्धवट उघडाच राहतो आणि ट्यूबलाइटखाली गुणगुणतोही. एलडीआरमध्ये कॅडमियम सल्फाइड असते. तो कापू किंवा जाळू नये. बंद नळीतून त्याचा रोध मीटरने मोजून पाहावा : एलईडी विझलेला असताना काही शेकडो किलोओम किंवा त्याहून जास्त, पूर्ण उजळल्यावर १ किलोओमच्या आसपास.

एलडीआर मंद असतो, प्रकाश बदलल्यावर रोध बदलायला त्याला काही दहा मिलिसेकंद लागतात. अचूक मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे, पण येथे तो वरदान ठरतो, कारण एलईडीच्या प्रकाशात उरलेला बराचसा रिपल एलडीआर आपोआप पुसून टाकतो. एलडीआरच्या जागी ट्रान्झिस्टर किंवा ओटीए (व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह देणारा अँप्लिफायर) वापरणाऱ्या सर्किटांना ही सवलत मिळत नाही आणि त्यांच्या फॉलोअरला जास्त काटेकोर असावे लागते.

फिल्टर टीएल०७२ च्या दुसऱ्या अर्ध्या भागाभोवती बांधायचा. पिन १ पासून ४७ किलोओमचा रोधक एका जोडबिंदूपर्यंत न्यावा. या जोडबिंदूपासून १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर पिन ६ ला, दुसरा पिन ७ ला जोडावा आणि एलडीआर जोडबिंदू आणि ४.५ व्होल्ट यांच्यामध्ये लावावा. पिन ६ आणि पिन ७ यांच्यामध्ये १०० किलोओमचा रोधक येतो आणि पिन ५ सरळ ४.५ व्होल्टला जातो. पिन ७ पासून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन बाजू पिन ७ कडे, १०० किलोओमच्या लॉग पॉटच्या एका टोकाला न्यावा. पॉटचे दुसरे टोक जमिनीला आणि मधला पाय बाहेर जाणाऱ्या जॅकला.

हा बँडपास फिल्टर एका ठरावीक वारंवारतेच्या आसपासचा पट्टा पुढे सोडतो आणि तो पट्टा कोठे असेल हे एलडीआर ठरवतो. वरील मूल्यांनी, एलडीआरचा रोध १०० किलोओम असताना मध्य वारंवारता सुमारे २८० हर्ट्झ, १० किलोओमला ५५० हर्ट्झ आणि १ किलोओमला १६०० हर्ट्झ येते. पूर्ण अंधारातही ती २३० हर्ट्झच्या खाली जात नाही, कारण तेथे ४७ किलोओमचा रोधक मर्यादा घालतो. पट्ट्याची रुंदी मात्र सुमारे ३२० हर्ट्झ कायम राहते, त्यामुळे फिल्टर वर सरकत जातो तसा तो कानाला अधिक टोकदार लागतो. ‘वाह’ हा उच्चार त्यातूनच ऐकू येतो. आवाज एकंदर दबका वाटला तर ४७ ऐवजी ३३ किलोओमचा रोधक लावावा, म्हणजे शिखरावरची वाढ एकपटीवरून दीडपटीवर जाते.

फिल्टरमध्ये मूळ सिग्नलही थोडा मिसळावा, असा मोह अनेकांना होतो. या जातीचा फिल्टर आपल्या मध्य वारंवारतेला सिग्नल उलटा करतो, हे त्यापूर्वी जाणून घ्यावे. दोन्ही सिग्नल समान मापाने मिसळले तर मध्यावर ते एकमेकांना खोडतात आणि शिखराच्या जागी खड्डा तयार होतो. तो आवाजही काहींना आवडतो, पण तो वाह नव्हे.

टकटक, डबा आणि साखळीतली जागा

प्रत्येक फटक्याबरोबर स्पीकरमधून बारीक ‘टक’ ऐकू आली तर एलईडीच्या प्रवाहातला झटका वीजवाहिनीतून आवाजाच्या रस्त्यावर पोहोचतो आहे. उपाय असा : एलएम३५८ च्या पिन ८ ला ९ व्होल्ट थेट न देता १०० ओमच्या रोधकातून द्यावेत आणि त्याच पिनवर जमिनीकडे १०० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर लावावा. एलईडीच्या १ किलोओम रोधकाची जमीन आणि गिटार-जॅकची जमीन वेगवेगळ्या तारांनी थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की टकटक सहसा राहत नाही.

सर्किट पक्के करताना झिरो पीसीबीवर आय.सी.साठी सॉकेटच वापरावेत. धातूचा डबा घेतल्यास तो जमिनीला जोडावा. इनपुटला स्टिरिओ जॅक बसवून बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या कड्याच्या पायाला जोडली तर गिटारची केबल काढताच पेडल बंद होते. एरवी जोरदार वादनातही हे सर्किट १० मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घेते, पण रात्रभर चालू राहिले तर बॅटरी वाया जाते.

पेडल साखळीत सर्वांत आधी, गिटारला लागून ठेवावे. फझ किंवा डिस्टॉर्शन सिग्नलची शिखरे कापून सपाट करतात. त्यांच्या मागे बसलेल्या फॉलोअरला हलका आणि जोरदार फटका यांतला फरक दिसतच नाही, आणि एलईडी सुराच्या अगदी शेवटापर्यंत उजळलेला राहतो. फझ ऑटो-वाहच्या नंतर ठेवला तर मात्र दोघेही आपापले काम करतात.

हाच फॉलोअर, त्यातला डायोडांचा भाग तसाच ठेवून, साध्या कॉम्प्रेसरसाठीही वापरता येतो. फिल्टरचे दोन्ही कपॅसिटर आणि १०० किलोओमचा रोधक काढून टाकावेत, पिन ५ ची ४.५ व्होल्टकडे जाणारी तार सोडवून ती पिन जोडबिंदूला जोडावी आणि पिन ६ व पिन ७ एकत्र कराव्यात. एलडीआर आणि ४.५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओमचा एक रोधक घालावा. आता फटका जोरात बसला की एलडीआरचा रोध घटतो आणि सिग्नलचा काही भाग ४.५ व्होल्टकडे वळून पातळी खाली येते, जास्तीत जास्त सुमारे १४ डेसिबलने. या कामाला संथ रिलीज बरा वाटतो, म्हणून साठवण-कपॅसिटर १ ऐवजी ४.७ मायक्रोफॅरडचा लावावा. रिलीज तेव्हा सुमारे २.४ सेकंदांपर्यंत लांबवता येतो, आणि अटॅकही त्याच पटीत सावकाश होत असल्याने त्याचा पॉट किमान टोकाजवळ ठेवावा.